कमळूभाऊचं चूलबंद आवतण

मी कमळूभाऊला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हातात रश्श्याची बादली घेऊन दोनशे माणसांवर एकटा चाल करून येत होता. शेणव्याला आमच्या एका मित्राच्या मुलाची हळद होती, म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या आदल्या रात्रीचा नाच आणि मटणाचं जेवण. आधी वाफ आली, वाफेतून मिशा आल्या आणि मिशांच्या मागून कमळूभाऊ आला. त्याच्या चालण्याने मांडवाचे बांबू हलत होते असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. तो तिसऱ्यांदा समोर आला तेव्हा मी "बास" म्हणून पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. त्याने थांबण्याचा विचारही केला नाही. माझ्या दोन अंगठ्यांच्या मधल्या फटीतून रस्सा नेमका भातावर उतरला आणि मनगटाला थेंब लागला नाही.

"बास बोलणारी माणसं घरी जाऊन भाकरी मागतात," एवढं बोलून तो पुढच्या पानावर गेला. मी किती जेवलो ते आठवत नाही. मला पानावरून उठवायला दोघे लागले आणि त्यातला एक तोच होता.

कमळूभाऊ वैशाखऱ्याचा. माळशेजच्या रस्त्याला लागून थोडी भातशेती, चार म्हशी, बायको पारू, मुलगा भाविक. पण शहापूर-मुरबाडात त्याला शेतकरी म्हणून कोणी ओळखत नाही. तो वाढपी. हळदीची तारीख ठरली की आधी भटजी, मग बँजोवाले आणि मग कमळूभाऊ अशी माणसं गाठायची असतात, आणि बँजोवाले दुसरे मिळतात. तो मोबदला घेत नाही. नारळ आणि टोपी घेतो. त्याच्या घरात इतक्या टोप्या आहेत की पारूवहिनी त्यात लसूण भरून ठेवते.

"जगाला वाढतोय," ती म्हणते, "आणि घरी पाण्याचा तांब्या हाताने घेत नाय."

त्याचा अभिमान एकाच गोष्टीचा होता. तो बादलीला उभा राहिला त्या हळदीत मटण कधी कमी पडलं नाही, कच्चं राहिलं नाही, लागलं नाही. पहिल्या पंगतीला आणि शेवटच्या पंगतीला एकच चव. हे तो एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचा, आणि तो माणूस उतरेपर्यंत सांगायचा.

या कमळूभाऊच्या घरी दोन वर्षांपूर्वी डेन्मार्कचा एक विद्यार्थी राहायला आला. मुरबाडच्या एका संस्थेने त्याची सोय लावून दिली होती. गावातली माणसं संध्याकाळनंतर एकत्र येऊन काय करतात, यावर त्याला अभ्यास करायचा होता. नाव योनास. पहिल्या दिवशी त्याचं कपाळ दाराच्या चौकटीला तीनदा आपटलं आणि दुपारपर्यंत त्याचा जानू झाला. मराठी पुस्तकातून शिकलेला होता, त्यामुळे तो घरात बातम्या दिल्यासारखा बोलायचा.

"रात्री येथील लोक काय करतात?" त्याने विचारलं.

"झोपतात," कमळूभाऊ म्हणाला.

"आणि शनिवारी?"

"शनिवारी मारुतीला जाऊन येतात. मग झोपतात."

बिचाऱ्याचा चेहरा पडला. एवढ्या लांबून तो झोप बघायला आला नव्हता. पण लवकरच लग्नसराई सुरू झाली आणि जानूला साक्षात्कार झाला. आज टोकावड्याला हळद, उद्या सरळगावला, परवा शहापूरकडे. टेंपोवर माणसाच्या उंचीचे स्पीकर, बँजो, एकाच रंगाचे कुर्ते घातलेले नवरदेवाचे वीस मित्र, आणि टेंपोच्या मागे वाकून "थंडा" पिणारे काका लोक. जानू दातात रुमाल धरून नाग झाला. वाशिंदच्या कंपनीत जाणारी पोरं त्याच्यासमोर पुंगी धरून गुडघ्यावर बसली. पिवळा झालेला, घामाने निथळणारा जानू घरी यायचा आणि सांगायचा की युरोपात आठवड्याच्या सातही दिवशी पार्टी असलेलं गाव त्याने पाहिलेलं नाही.

त्याच्या देशातल्या रात्रीची गोष्टही त्याने सांगितली. तिथे नाचायच्या जागेच्या दारात एक दांडगा माणूस उभा असतो. तो आपल्याला खालून वर बघतो आणि आत सोडायचं की नाही ते ठरवतो. मी त्या दिवशी तिथेच ओसरीवर होतो. कमळूभाऊ एवढा हसला की त्याला उचकी लागली.

"दारात माणूस? मग यजमान काय करतो? घराला कुलूप लावून झोपतो काय?" पाणी पिऊन तो जानूला आमची पद्धत समजावू लागला. "आमच्यात असं नाय रे. आमच्यात आवतण चूलबंद. म्हंजे ज्या चुलीवर तुझं अन्न शिजतं, ती चूल त्या दिवशी पेटवायचीच नाय. त्या चुलीवर जेवणारी सगली माणसं, म्हातारी-कोतारी, तान्ही पोरं, सगली हळदीला जेवाया येणार. दारात कोण नाय. विचारणार कोण नाय."

जानूने दोनदा विचारून खात्री करून घेतली. कमळूभाऊने दोनदा छातीवर हात मारून सांगितलं.

मग भाविकचंच लग्न ठरलं. मुलगी शहापूरची. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मांडवात मिरवलेल्या माणसाच्या घरची हळद, तेव्हा सगळा तालुका नजर लावून बसला होता. पारूवहिनीचे थोरले भाऊ महादूमामा तर उघड म्हणाले, "लोकांचं मटण राखणं सोपं. घरचं राखून दाखव." कमळूभाऊने त्या रात्री जेवण टाळलं. हा त्याच्या आयुष्यातला एकमेव उपास.

लग्नाआधी आठ-दहा दिवस पाहुणे घर भरून झोपू लागले. जानूच्या अंथरुणावर एकामागून एक तीन आत्या आल्या. तेव्हा तो सामान उचलून गावाबाहेरच्या कातकरी वाडीत सुक्याकडे राहायला गेला. वीटभट्टीवरून परतलेली माणसं. सुक्याच्या अंगणात एकच मोठी चूल, तिच्यावर तीन भावांची आणि म्हातारी भिमीची भाकरी. जानू तिथेच जेवू लागला. कमळूभाऊने वाटेत गाठून त्याला सांगितलं, "हळदीला ये रे. चूलबंद."

जानूने मान हलवली आणि वाडीत जाऊन निरोप जसाच्या तसा दिला.

वाडीची माणसं गावातल्या प्रत्येक हळदीला असतात, पण ती कामाला. लाकडं ते फोडतात, चुलीचे चर ते खणतात, टँकरचं पाणी ते भरतात. मटणाच्या टोपाखालचा जाळ वाडीतलीच ठकू सांभाळते. तिच्याइतका नेमका जाळ कोणाला जमत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी तीच. आणि जेवतात ते सगळ्यात शेवटी, मांडवाच्या मागे. ही गोष्ट जानूला समजावताना कमळूभाऊकडून राहून गेली होती. त्याला ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती.

हळदीच्या संध्याकाळी लाकडं फोडून झाली होती, पहिला टोप उतरला होता, दुसरा चढला होता आणि कामाची माणसं हातपाय धुवायला घरी गेली होती. पहिल्या पंगतीची पानं मांडली आणि वाडीच्या वाटेने जानू आला. पुढे तो, मागे धुतलेल्या कपड्यांत सुक्या, त्याचे भाऊ, बायका, पोरं, काठी टेकत भिमी. डोक्यात फूल माळलेली ठकू.

"भाऊ," जानू म्हणाला, "आम्ही चूल पेटवली नाही. सर्वजण आले आहेत."

बँजो थांबला. महादूमामा पहिल्या पानावर बसलेले होते. ते म्हणाले, "कमळू, यांना मागं बसव. नायतर आमी उठतो."

सुक्या दोन पावलं मागे सरकला. "मी नको बोललेलो ह्याला," तो हळू म्हणाला. "हा बोलला, पद्धतच आहे तुमची."

कमळूभाऊ हातातल्या बादलीकडे बघत राहिला. मागे बसा म्हटलं तर ही माणसं आल्या वाटेने परतणार आणि उपाशी राहणार, कारण त्यांची चूल थंड होती, आणि थंड चुलीचा माणूस उपाशी पाठवणं त्याला जन्मात जमलं नसतं. सोयरे उठले तर लग्नघराची शोभा होणार. त्याच्या मिशा एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे गेल्या.

"चूलबंद म्हंजे चूलबंद," तो शेवटी म्हणाला. "बस गो भिमी. बसा सगली."

महादूमामा उठले. त्यांच्याबरोबर पंधरावीस पाहुणे उठून खुर्च्यांवर जाऊन बसले. त्या मोकळ्या पानांवर वाडी बसली.

"बसतो," भिमी म्हणाली, "पण पाणी कोण आणंल? रोज आमीच आणतो."

ही अडचण कोणाच्या ध्यानात आली नव्हती. नवरदेवाचे कुर्त्यातले मित्र कळशा घेऊन टँकरकडे धावले आणि निम्मं पाणी एकमेकांवर सांडून आले. पत्रावळ्या उचलायला कोणी नव्हतं, त्या महादूमामांच्या मुलाने नाक धरून उचलल्या. कमळूभाऊ मात्र रंगात आला होता. भिमीच्या पानात त्याने शोधून नळी वाढली. ठकूने दोन्ही हात आडवे धरले तेव्हा तिच्याही अंगठ्यांतून रस्सा उतरला.

"कमळूभाऊ," ठकू घास थांबवून म्हणाली, "मागं जाळ कोण बघतंय?"

"तू जेव गो. आज तू पावनी."

ती जेवली. मागे दुसऱ्या टोपाखाली भाविकच्या एका मित्राने, मदत करावी म्हणून, उरलेली सगळी लाकडं एकदम सारली होती.

वास मांडवात आला तेव्हा उशीर झाला होता. टोप तळापासून करपला होता. कमळूभाऊने डाव घालून एकदा ढवळलं, एक थेंब जिभेवर ठेवला आणि झाकण परत ठेवून दिलं.

महादूमामांच्या पंगतीला डाळभात आणि लोणचं वाढलं. वाढलं कमळूभाऊनेच.

लग्न दुसऱ्या दिवशी नीट लागलं. जानू पावसाआधी परत गेला आणि परीक्षेत पास झाला. पुढच्या लग्नसराईत कमळूभाऊला एकाही हळदीचं बोलावणं आलं नाही. लोकांनी मुरबाडहून केटरर आणले.