उंबऱ्यावरचा पैसा

रोज सकाळी साडेसहाच्या सुमाराला समोरच्या घराचं दार उघडायचं. पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, नेसलेले एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ बाहेर यायचे. तांब्यातलं पाणी उंबऱ्यापुढच्या फरशीवर शिंपडून ती फडक्याने पुसून घ्यायचे, मग सदऱ्याच्या खिशातून तांब्याचा एक काळपट पैसा काढून फरशीच्या बरोबर मध्यावर ठेवायचे. जिन्याच्या जाळीतून उन्हाची तिरीप त्यावर पडेपर्यंत ते नुसते उभे राहायचे. तिरीप पडली की वाकून पैशाकडे बघायचे, तो उचलून पुन्हा खिशात टाकायचे आणि दार लावून घ्यायचे.

माझी बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही सांगलीहून चेन्नईला आलो आणि विल्लिवाक्कममधल्या त्या इमारतीत राहायला लागलो. पहिले पंधरा दिवस मी हा प्रकार दाराला लावलेल्या भिंगातून गुपचूप पाहत होते. कुणा ज्योतिषाने सांगितलेला तोडगा असणार, असं मी नवऱ्याला ठणकावून सांगितलंही. मला निदान करायची घाई फार.

ओळख झाली ती माझ्या दुसऱ्या खोडीमुळे. मला घासायचं वेड आहे. घरात काळं पडलेलं तांबं-पितळ दिसलं की माझा हात शिवशिवतो. एका रविवारी मी दाराची पितळी कडी घासत होते आणि फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवला तर पाठीमागे समोरचे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन उभे.

"तुम्ही मराठी बोलतां," ते म्हणाले. "आम्हीही मराठीच. तंजावूरचे. आमचं बोलणं जुनं, त्यांत तमिळही भरलेलं. हसूं नका, अम्मा."

मला हसू आलंच नाही. घरापासून इतक्या लांब कुणी आपल्या भाषेत 'हसू नका' म्हटल्यावर डोळे भरून येतात, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना काका म्हणायला गेले, तर ते म्हणाले, "काका कोण म्हणत नाहीं इथं. मामा म्हणा." इमारतीत सगळे त्यांना रायर म्हणत. मी रायरमामा म्हणू लागले. आठवडाभरात त्यांचं 'तुम्ही' जाऊन 'तूं' आलं; 'अम्मा' मात्र, इथे कुठल्याही बाईला म्हणतात तसं, राहिलं.

रायरमामा रेल्वेच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. आयुष्यभर पोलादावर केसाइतक्या बारीक रेघा आखल्या. निवृत्त झाल्यावर एकटेच राहत. बायको, सरस्वतीमामी, आम्ही येण्याच्या तीन वर्षं आधी गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं, एक पुतण्या होता तो गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात. आणि होती एक सागवानी पेटी. तिच्यात चाळीस-एक नाणी होती, आणि त्यातलं एकही धड नव्हतं.

म्हणजे कुणी ना कुणी ती हाताने कोरलेली होती. एका पावआण्यावरच्या इंग्रज राजाला कुणी मुंडासं बांधलं होतं आणि झुपकेदार मिशा कोरल्या होत्या. एकावरचा राजा पार घासून तिथं कोंबडी काढली होती. एन्नोरच्या एका कोळणीकडून मिळालेल्या पैशावर होडी होती, आणि होडीत बसलेल्या माणसाला तोंडच नव्हतं. एकावर नुसतं तमिळमध्ये बाईचं नाव. कारखान्यातल्या कामगारांनी, खलाशांनी, सोनाराकडच्या उमेदवारांनी जेवणाच्या सुट्टीत, रिकाम्या वेळात केलेली ही कामं. मामांच्या मते हीच खरी लोककला. देवळातल्या मूर्तीला शास्त्र असतं, म्हणायचे, "ह्याला शास्त्र नाहीं, गिऱ्हाईक नाहीं. फक्त हात."

प्रत्येक नाण्याखाली कागदाची एक चिठ्ठी. तिच्यावर तीन ओळी: कुठून मिळालं, कोणाचा हात, कशासाठी. भाषा मराठी, पण लिपी तमिळ. तंजावूरच्या बऱ्याच घरांत असं लिहितात. मी बसच्या पाट्यांवरून तमिळ अक्षरं शिकले होते, त्यामुळे एकेक अक्षर जोडत वाचायची आणि मध्येच आतून आपला ओळखीचा शब्द बाहेर यायचा. होडीच्या चिठ्ठीवर होतं : 'एन्नोर. हात ठाऊक नाहीं. कोणी परत आला नसेल म्हणून.' बहुतेक चिठ्ठ्यांवर शेवटची ओळ अशी अंदाजाचीच असे. ती लिहायला मामांना कधीकधी महिने लागत.

एकदा ते मला जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनाला घेऊन गेले. तिथले व्यापारी काचेखाली मखमलीवर नाणी मांडून बसलेले. मामा सरळ टेबलाखालच्या डब्याकडे वळले. खराब, घासलेली, भोकं पाडलेली नाणी त्या डब्यात टाकतात. व्यापारी हसून म्हणाला, "सगळं डॅमेज आहे सार." मामा डबा चिवडत शांतपणे म्हणाले, "टांकसाळीनं केलं तें सगळ्यांचं. डॅमेज केलं तें एकाचं." व्यापाऱ्याला काही कळलं नाही. मलाही त्या दिवशी अर्धवटच कळलं.

उंबऱ्यावरच्या पैशाबद्दल मी विचारलं नव्हतं. एका सकाळी त्यांनी आपणहून हाक मारली. "ये, अम्मा. ऊन आलं. वाकून पाहा."

मी वाकले. समोरून नुसता काळा दिसणारा तो पैसा तिरप्या उन्हात उघडला. सात ठिपके, मध्ये एक आणि भोवती सहा. आणि त्या ठिपक्यांना वळसे घालत, कुठेही न तुटता, पुन्हा सुरुवातीला येऊन मिळणारी एकच रेघ. इथे दारोदार तांदळाच्या पिठीने काढतात ते कोलम. नखाएवढं.

मामींनी पन्नास वर्षं रोज दारात कोलम काढलं होतं. शेवटच्या आजारात त्यांना उठवेना. दार उघडं-बोडकं दिसतं म्हणून त्या पडल्यापडल्या रडायच्या. मग मामांनी एक जुना पैसा कानशीने सपाट केला, त्यावर पंच नावाच्या टोकदार खिळ्याने सात ठिपके ठोकले आणि आपला स्क्रायबर, म्हणजे धातूवर रेघ ओढायची पोलादी सुई, मामींच्या हातात दिली. "उशीला टेकून बसली. हात कांपत होता. जोर नव्हता तिला, नुसती सुई फिरवली. पण उचलली नाहीं. एका रेघेंत केलं." मग त्यांनी तो पैसा दारात ठेवला आणि पलंग सरकवून मामींना दाखवला. त्यानंतर अकरा दिवसांनी मामी गेल्या.

"ठिपके माझे," मामा म्हणाले. "रेघ तिची."

मी त्या दिवशी बँकेत जाऊन दोनदा पैसे चुकीचे मोजले.

पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मामा न्हाणीघरात घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. मी मेट्रोने रोज डबा घेऊन जायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी उशीखालून घराची किल्ली आणि तो पैसा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "सकाळीं तेवढं ठेव, अम्मा. मी येईपर्यंत." दुसरं काहीही मागितलं नाही. मी रोज ठेवला. पाणी शिंपडायचं, पुसायचं, पैसा ठेवायचा, ऊन येईपर्यंत उभं राहायचं. ढगाळ सकाळी बँकेला उशीर झाला तरी ती तिरीप आल्याशिवाय मी हलले नाही.

मामांना आयुधपूजेच्या दिवशी घरी सोडणार होते. आदल्या दिवशी सुट्टी होती. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं, उपकरणी, देवाचे टाक लख्ख करून मांडतात, आणि मामांच्या घरीही टूलरूमचं सगळं सामान पूजेला लागायचं. मनात म्हटलं, म्हातारा माणूस इतक्या दिवसांनी घरी येतोय, घर कसं झळझळीत हवं. फरशी पुसली. समया घासल्या. कानशी, पंच, स्क्रायबर तेलाच्या बोळ्याने पुसून पाटावर लावले. मग पेटी उघडली. चाळीस काळी नाणी. चिंचेचा कोळ आणि विटेची पूड हा माझ्या सासूबाईंचा नेम, त्यापुढे डाग टिकत नाही. परातीपुढे बसून एकेक नाणं अंगठ्याने रगडलं. मुंडाशातला राजा चमकायला लागला, कोंबडी झळकली. मला इतका आनंद झाला होता की मी गुणगुणत होते. शेवटी कमरेला खोचलेला तो पैसाही काढला. त्याला मागे कसं ठेवायचं? सगळ्यांत जास्त तोच चमकायला हवा, म्हणून त्याला दोनदा घासला.

पाण्यात बुचकळून वर काढला तर पैसा नव्या नवरीसारखा लालबुंद. त्यावर सात ठिपके होते. बाकी काही नव्हतं.

मी तो खिडकीशी नेला, दिव्याखाली धरला, तिरपा केला. बाकीची नाणी खोल कोरलेली होती, म्हणून तगली. मामींच्या हातात जोर नव्हता, हे मला मामांनी स्वतः सांगितलं होतं. ती रेघ म्हणजे तांब्यावरचा ओरखडा होता आणि त्यात साचलेला काळेपणा होता. तो मी चिंचेने धुऊन टाकला होता आणि ओरखडा विटेने. मी परातीतल्या त्या तांबूस पाण्याकडे बघत किती वेळ बसले ते आठवत नाही. पाणी ओतायचा धीर होईना.

खोटं कशाला बोलू, मी तो स्क्रायबर उचललाही होता. ती वळणं मला पाठ झाली होती. टोक तांब्याला टेकवलं. मग वाटलं, ह्या माणसाने जन्मभर हात ओळखण्याचंच काम केलं. त्याला मी माझा हात मामींचा म्हणून देऊ? मी सुई पाटावर परत ठेवली.

मामा पुतण्याचा हात धरून, वॉकर टेकत घरात आले. पाटाकडे पाहून हसले. त्यांना खुर्चीत बसू दिलं आणि मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पैसा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि टूलरूमच्या सवयीने अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं. एकदा, मग आडवं एकदा.

"ठिपके आहेत," ते म्हणाले.

मी रडत होते. पैसा मुठीत मिटून ते पुतण्याला म्हणाले, "अम्मास काप्पी दे."

त्यांनी मला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी समोरचं दार उघडेनासं झालं. मार्गळीचा महिना आला. त्या महिन्यात इथे बायका पहाटे उठून दारासमोर हातहातभर कोलमं काढतात. आमच्या जिन्यातही खालपासून वरपर्यंत पिठीच्या रेघा पसरल्या. फक्त रायरमामांची फरशी कोरी. शेवटी मी धीर करून विचारलं, "मामा, तुमच्या दारात मी काढू का?"

"पोदुम, अम्मा," ते म्हणाले. म्हणजे पुरे. रागाने म्हणाले नाहीत, थकून म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.

त्याच महिन्यात, संक्रांतीच्या चार दिवस आधी, ते झोपेतच गेले. पुतण्याने सगळं केलं. तेरावा उरकल्यावर घर रिकामं करायला तो आला आणि सागवानी पेटी माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुम्हांस द्या म्हणून लिहून ठेवलंय चित्तप्पांनी." काकांना तो चित्तप्पा म्हणायचा. मी नको म्हणत होते. त्याने पेटी माझ्या उंबऱ्यात ठेवली आणि गेला.

पंधरा दिवस ती मी उघडली नाही. उघडली तेव्हा नाणी पुन्हा काळवंडायला लागली होती. इथल्या दमट हवेत तांबं लाल राहत नाही. सात ठिपक्यांचा पैसा सगळ्यांत खाली होता, चिठ्ठीत गुंडाळलेला. चिठ्ठीवरच्या वरच्या ओळी जुन्या शाईतल्या, ठाम हाताच्या. मी अक्षरं जोडत वाचल्या : 'घरचा. हात: ठिपके माझे, रेघ सरस्वतीची. दारांत कोलम नव्हतं म्हणून.'

त्याच्या खाली बॉलपेनने, वेड्यावाकड्या अक्षरात, आणखी दोन ओळी होत्या. त्या वाचायला मला फार वेळ लागला.

'पुसण्याचा हात: समोरच्या घरची अम्मा.

मी घरीं येणार म्हणून.'