रिकाम्या खोगिराला नऊ गुण

घोड्यावर मी आयुष्यात दोनदा बसलो आणि तीनदा पडलो. तिसऱ्या वेळी मी अजून चढतच होतो. पुण्यात कॉलेजला असताना शिकायला गेलो होतो; दहाव्या दिवशी तिथल्या उस्तादानं मला हात जोडले. पण गावाकडं येऊन दूध सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यावर ही हकीकत मी जरा उलट्या बाजूनं सांगू लागलो. "बैठक बघून मी स्वार ओळखतो," असंही कधीतरी बोलून गेलो. चेअरमननी ते लक्षात ठेवलं, आणि दुष्काळाच्या वर्षी जत्रेतल्या घोड्यांच्या खेळाला मला पंच करून बसवलं.

दरसालच्या मैदानावर गुरांची छावणी होती, म्हणून खेळ तळ्यात ठेवला. तळ्यात म्हणजे तळ्याच्या तळाला. पाणी आटून दुसरं वर्ष चाललं होतं. भेगाळलेला गाळ रूळ फिरवून सपाट केला होता. माणसं चहूबाजूंनी बांधावर बसली. एरवी जिथं दोन पुरुष पाणी असायचं, तिथं माझी खुर्ची मांडली. बसल्या बसल्या मान वर केली की उगाच श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. तळ्याच्या मधोमध एक बुडालेला दगडी चौथरा उघडा पडला होता. तो कुणाचा, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. पस्तीस-चाळीस घोडे त्यालाच वळसा घालून नाचणार होते.

त्या साली बक्षीस फेटा-नारळाचं नव्हतं. पहिल्या घोड्याला पाऊस पडेपर्यंत सोसायटीच्या गंजीतला कडबा. छावणीत गाईबैलांना जागा होती, घोड्याला नव्हती.

सकाळी घोडे तपासत फिरताना लोहारा गावचा एक म्हातारा भेटला. वरातीत घोडी नाचवणं हा त्याचा धंदा, पण त्या वर्षी लग्नंच कुठं होती? करड्या घोडीच्या बरगड्या मोजता येत होत्या. गळ्यात अकरा नंबरचा पुठ्ठा.

"लई शानी हाय, सायब," तो म्हणाला. "माज्या पोरानं शिकवलीया. फेरा झाला की उद्या मुरुमच्या बाजारात इकायला न्यायची. दावणीला काडी न्हाय ऱ्हायली."

"पोरगं कुठंय?"

म्हातारा घोडीच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिला. "येतंय की फेऱ्याला," म्हणाला.

मी वहीत खूण केली आणि पुढं गेलो. पंचाला फार प्रश्न विचारून चालत नाही; आपलं अज्ञान उघडं पडतं.

दुपारी खेळ सुरू झाला. कर्णा नेमका माझ्या डोक्यावर बांधलेला, आणि खाली चार हलग्या. पाच घोडे होईतो कान बधिर झाले. मी उशीतला कापूस मागवला आणि दोन्ही कानांत गच्च बसवला. ही माझी पहिली चूक. दुसरी चूक काय होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकरा नंबर आला तेव्हा धूळ खाली बसायला तयार नव्हती. हलगीचा दणका कापसातूनही पोटात लागत होता, तो एकाएकी बंद झाला. मला वाटलं, वा, कापूस चांगला बसला! चौथऱ्याच्या पलीकडून करडी घोडी आली. वर अबोली फेट्याचा स्वार. तोंड धुळीत दिसलं नाही, पण पंचाला तोंडाशी काय करायचंय? पाठ ताठ, मांड पक्की, टाचा खाली. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली तेव्हा तो पुढं झुकला, जेवढं झुकावं तेवढंच. उस्तादानं मला दहा दिवस जे ओरडून सांगितलं, ते मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. खोट एकच होती, वळताना डावा खांदा पडायचा. मी लिहिलं: चाल आठ, ताबा नऊ, बैठक नऊ. पुढं शेरा: 'डावा खांदा पडतो.'

बांधावर माणसं उभी राहून हात जोडत होती. मनात म्हटलं, आपल्या लोकांना कलेची कदर आहे.

निकाल चेअरमन स्वतः वाचत होते. "पैला नंबर, अकरा. चाल आठ. ताबा नऊ. बैठक..." आणि ते थांबले. तसाच माईक हातात घेऊन ते माझ्याकडं आले आणि त्यांनी माझ्या कानातला कापूस उपसला.

"सेक्रेटरी, कुनाची बैठक?"

"स्वाराची."

"कंच्या स्वाराची?"

"अबोली फेट्याच्या."

चेअरमननी माईकवर तळवा ठेवला. खालच्या आवाजात ते म्हणाले, "अहो, ते पोरगं चैतातच गेलं. विहिरीच्या कामावर, सुरुंगात. आपल्याकडं स्वार गेला की पुढल्या जत्रेत त्याची घोडी मोकळी सोडत्यात. खोगिराला त्याचा फेटा बांधून. हलगी बंद ठेवून. मी कर्ण्यावर सांगितलं की! नाव नुसतं यादीत ऱ्हायलंय."

मी घोडीकडं पाहिलं. रिकामं खोगीर, त्याला बांधलेला अबोली फेटा.

"डुलकी लागली म्हना," चेअरमन कानाशी लागले. "तुमचं ते काय नवं न्हाय, कुनी हसनार न्हाय. दुसरा आलाय त्यो आपलाच पाव्हना हाय, कडबा त्याला देऊन मिटवून टाकू."

खरं सांगतो, मी तोंड उघडलंही होतं. डुलकीवर माझा गावात हक्कच होता. पण घोडीचा लगाम धरून म्हातारा पुढं आला. कडब्याचं तो बोललाच नाही.

"सायब, एक इचारू? बैठकीला किती दिलं?"

"नऊ."

"नऊच का? एक कशापायी कापला?"

मी वहीतलं शेऱ्याचं पान चेअरमनच्या हातात दिलं. कर्णा चालूच होता. त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचलं, "डावा खांदा पडतो."

म्हातारा होता तिथंच गाळात बसला. बांधावरून एक बाई ओरडली, मग दुसरी. चेअरमन माझ्यापासून दोन पावलं मागं सरकले. मला कुणी काही समजावलं नाही. गावाला ते माहीतच होतं. शेवटी म्हातारा म्हणाला, "ल्हानपनी हिच्या आईवरून पडलं व्हतं. हाड नीट बसलंच न्हाय. म्या रोज वरडायचो, खांदा उचल, खांदा उचल."

चेअरमनच्या पाव्हण्यानं आपल्या घोड्याच्या गळ्यातला नंबर स्वतःच काढला. "मला नगं त्यो कडबा," म्हणाला. चेअरमननी भरल्या तळ्यासमोर पहिला नंबर अकरा म्हणून पुन्हा वाचला, आणि या खेपेला बैठकीचे गुणही वाचले.

गडी गंजीवरून पेंढ्या काढू लागले तेव्हा म्हातारा माझ्याजवळ आला. "दहा दिलं असतं ना सायब," म्हणाला, "तर म्या बी म्हनलं असतं, सायबाला डुलकी लागली."

मग तो घोडीला घेऊन निघाला. मुरुमच्या वाटेनं नाही, लोहाऱ्याच्या. बांध चढताना घोडी वळली, आणि वळताना रिकामं खोगीर डावीकडं हलकंच कललं. मी खाली मान घातली, कापूस परत कानात कोंबला, आणि शेरा लिहिला नाही.