पुढच्या ट्रेनने ये

साउथहॅम्प्टनला मास्टर्स करत होते, त्या वर्षीची ही गोष्ट. इस्टरच्या सुट्टीत मी आणि माझी वर्गमैत्रीण पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम आणि बर्लिन असं फिरायला निघालो. ती लंडनच्या वेम्बलीत जन्मलेली आणि वाढलेली, आईवडील मूळचे ठाण्याचे. मी सोलापूरची. तिचं मराठी घरात ऐकून आलेलं, त्यामुळे स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा पार गोंधळ. ‘माझा बॅग कुठे ठेवली?’ असं विचारायची. पण पहिल्या आठवड्यात लेक्चरनंतर तिने आपणहून माझ्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली, तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं की मी तिला कधी सुधारलं नाही.

तिच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट. तिला फक्त सामान भरायचं होतं. मला युरोपच्या व्हिसासाठी दोनदा लंडनला जावं लागलं. बँकेची स्टेटमेंट्स, युनिव्हर्सिटीचं पत्र, कुठल्या दिवशी कुठे राहणार त्याची बुकिंग्ज, सगळ्याचे प्रिंट काढले. “बापरे, केवढे पेपर!” म्हणून ती हसली. मीही हसले. तेव्हा राग आला नव्हता, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पॅरिसमध्ये कुणी ‘कुठून आलात?’ विचारलं की ती चटकन सांगायची, “आय ॲम फ्रॉम लंडन. शी इज फ्रॉम इंडिया.” ब्रसेल्समध्येही तेच. अरे, दोघी एकाच सकाळी, साउथहॅम्प्टनच्या एकाच बसस्टॉपवरून निघालो होतो! पण मी ते सोडून दिलं. सुट्टीत कशाला वाद, म्हणून.

ॲमस्टरडॅमहून बर्लिनला जाताना सरहद्द ओलांडल्यावर गाडीत दोन पोलीस चढले. अख्ख्या डब्यात त्यांनी चौघांचे पासपोर्ट मागितले. आम्ही दोघी, आणि मागच्या सीटवरचं एक आफ्रिकन जोडपं. तिचा पासपोर्ट उघडून लगेच परत दिला. माझ्या व्हिसाचं स्टिकर त्यांच्या हातातल्या मशीनवर वाचलं जाईना. “पुढच्या स्टेशनवर उतरा, ऑफिसात तपासू,” त्यांच्यातला एक म्हणाला.

मी सॅक काढायला उठले. ती बसूनच राहिली.

“तू येत नाहीयेस?”

“माझा काय उपयोग तिथे? हॉस्टेलला चेक-इन करायचा आहे ना. तू पुढच्या ट्रेनने ये.”

“अगं, पण मी एकटी...”

“इट्स जस्ट अ चेक. डोंट पॅनिक.”

पोलीस दारात उभा होता. मी उतरले. गाडी सुटली आणि खिडकीतून तिने मला टाटा केला. टाटा! एवढ्या वर्षांत ते काही डोळ्यांसमोरून जात नाही.

ऑफिसात पहिला प्रश्न, बर्लिनमध्ये कुठे राहणार? मी प्रिंट पुढे केला. त्या माणसाने हॉस्टेलला फोन लावला, ऐकून घेतलं आणि फोन खाली ठेवला. “हे बुकिंग रद्द झालंय. गेल्या आठवड्यात.”

बुकिंग्ज तिच्या नावावर होती. तिनेच ते परस्पर रद्द केलं असणार, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. तोवर तो माणूस कंटाळल्यासारखा बसला होता. आता सरळ झाला. परतीचं तिकीट कुठाय? मैत्रीण कोण? ती खरंच मैत्रीण असेल तर बरोबर का उतरली नाही? मी तिला फोन लावत राहिले, लागत नव्हता.

पावणेदोन तासांनी तिचा मेसेज आला. नव्या बुकिंगचा स्क्रीनशॉट, आणि खाली ‘सॉरी!! हे हॉस्टेल जास्त क्यूट होती. सांगायची राहिली.’ त्या माणसाने तो पाहिला, आत जाऊन व्हिसाची खात्री करून घेतली, आणि पासपोर्ट परत देताना अदबीने म्हणाला, प्रवासासाठी शुभेच्छा.

संध्याकाळी मी पोचले तेव्हा ती हॉस्टेलच्या कॅफेत दोन ऑस्ट्रेलियन मुलींबरोबर चिप्स खात होती.

“बघ, आली ना! मी म्हटला होता.”

“तुला कळतंय का काय झालं असतं?” मी तिथेच ओरडले. “मला तिथून परत पाठवलं असतं! पुढच्या प्रत्येक फॉर्मवर ते लिहावं लागलं असतं मला, तुला नाही! आणि तू हॉस्टेल बदलतेस, का, तर क्यूट आहे म्हणून?”

तिने हातातली चिप परत ठेवली. हळूच म्हणाली, “मला पण भीती वाटला.”

“वाटला नाही, वाटली! भीती वाटली! आधी धड बोलायला शीक. मराठी म्हणे! कसली मराठी तू?”

त्या मुलींना शब्द कळले नसतील, पण त्यांनी माना खाली घातल्या. माझी मैत्रीण उठून वर गेली. ती पहिल्यांदाच खरं काहीतरी सांगत होती, आणि मी तिचं व्याकरण पकडलं. याची मला आजही लाज वाटते. लाजेने राग निवेल असं वाटलं होतं. निवला नाही.

बर्लिनचे दोन दिवस आम्ही वेगवेगळ्या फिरलो. मी काय पाहिलं ते मला नीट आठवतही नाही. परतताना लंडनच्या एअरपोर्टवर ती ब्रिटिश पासपोर्टवाल्यांच्या इ-गेटमधून दोन मिनिटांत पार झाली. मी सव्वा तास रांगेत. ती निघून गेली असेल असं धरूनच मी बाहेर आले, तर ती रेलिंगपाशी उभी, हातात कॉफीचे दोन कप.

“आता कशाला थांबलीस?”

“साउथहॅम्प्टनची बस दोनला आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “कॉफी थंड झालीय, सॉरी.”

त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोलली नाही. डिग्री झाल्यावर ती वेम्बलीला परत गेली, मी साउथहॅम्प्टनलाच नोकरीला लागले. वाढदिवसाला तिचा मेसेज येतो, मी थँक्स म्हणते. त्या दिवशी माझ्याबरोबर उतरायला तिचे पाय का उचलले नाहीत, हे एकदा विचारायचं आहे. पण विचारायला गेले की माझा आवाज चढणार, हे मला माहीत आहे. म्हणून राहून जातं.