डाव्या डोळ्यातला डाग

आधीच सांगून टाकतो – घरचे देवळात गेले की बाहेर चपला राखत थांबणारा मी माणूस आहे. कोप, नजर, बाधा असल्या गोष्टींवर आयुष्यभर तोंडसुख घेतलं. तेव्हा ज्याला मला उपदेश करायचा असेल त्याने पुढे नाही वाचलं तरी चालेल.

अकरा वर्षांपूर्वी बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आलो आणि पुढे इथेच राहिलो. बेहाला भागात फ्लॅट. खाली ऑटोंचे हॉर्न, शेजारी वर्कशॉपची खडखड... डोकं उठायचं. म्हणून पहिल्याच वर्षी, ऊन तापायच्या आधीच्या दिवसांत, दर रविवारी बायको सुनीता आणि सात वर्षांची रेवती यांना घेऊन शहराबाहेर पायी भटकायला जायचो. खिशात छोटा डिजिटल कॅमेरा आणि पिशवीत गॅसचा लहानसा स्टोव्ह. कारण इथल्या टपरीवरचा चहा मला चालत नाही. मला आलं लागतं.

त्या रविवारी ट्रेनने बराकपूर आणि तिथून बॅटरीच्या रिक्षाने पाऊण तास आत गेलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. शेवगा शेंगांनी लगडला होता. तळ्याकाठी कडुनिंब आणि त्याखाली गाढवावर बसलेली, देवी-कांजिण्यांची शीतलादेवी. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मी पारावर स्टोव्ह मांडला.

समोरच्या घरातून एक म्हातारी धावत आली. "आज आगुन ना, बाबू! आज पूरा गाँव में चूल्हा बंद है!"

सुनीता हळूच म्हणाली, "अहो, राहू द्या ना. आपल्याकडेही शीतळासप्तमीला चूल पेटवत नाहीत."

"ती श्रावणात. हा चैत्र आहे," मी म्हणालो आणि काडी ओढली.

मला वाटलं म्हातारी शिव्या देईल, पण तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती रेवतीकडे बघत राहिली. त्या बघण्यात दयामाया नव्हती. मी मुद्दाम सावकाश चहा प्यायलो आणि झाडाखाली रेवतीचा एक फोटो काढला.

स्क्रीनवर पाहिलं तर तिच्या चेहऱ्यावर लाल पुटकुळ्या! कपाळावर, गालांवर, हनुवटीवर... आणि एक डाव्या डोळ्यात, अगदी बुबुळावर. समोर पोरगी स्वच्छ चेहऱ्याने बिस्किट खात होती. मी लेन्स पुसली. पुढचे सगळे फोटो नीट आले.

तिसऱ्या दिवशी तिला ताप आला आणि कांजिण्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत घरोघरी असतात. पटलंही मला. पण रात्री सुनीताने कॅमेरा पुढे केला. "कपाळावरचा डाग बघा." फोटोतला तो डाग नाहीसा झाला होता. रेवतीच्या कपाळावर त्याच जागी फोड होता. दुसऱ्या दिवशी गालांचं तसंच झालं, मग हनुवटीचं. जो फोड पोरीच्या अंगावर उठायचा, तो फोटोतून जायचा.

उरला फक्त डोळा.

मी घाबरलो. शीतलेच्या नैवेद्याचा थंड दहीभात घेऊन एकटाच त्या गावी गेलो. म्हातारीने दार अर्धवट उघडलं. हात जोडून मी म्हणालो, "स्टोव मैंने जलाया था. बच्ची ने नहीं."

"जानी, बाबू," ती म्हणाली. "सेई जोन्नोई तो." माहीत आहे. म्हणूनच तर. आणि दार लावून घेतलं. दहीभात तिथेच उंबऱ्यावर राहिला.

रेवती बरी झाली. डोळ्याला काही झालं नाही. फोटोतला डाग मात्र तसाच होता. फोटो डिलीट करायची माझी छाती झाली नाही. तिकडून पुसला आणि इकडे उठला तर? कॅमेरा कपाटात, कुलपात ठेवला. दर चैत्रात काही ना काही निमित्त काढून मी तिच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघत आलो. "बाबा, प्लीज! बस झालं!" म्हणून ती वैतागते.

तिला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं, तीच चूक झाली. सध्या कॉलेजच्या पोरांत असल्या जुन्या कॅमेऱ्यांची फॅशन आहे म्हणे. गेल्या आठवड्यात तिने आईच्या पर्समधली किल्ली घेऊन कॅमेरा काढला, चार्ज केला, फोटो मोबाईलवर घेतले. संध्याकाळी मी घरी आलो तर खुशीत म्हणाली, "बाबा, किती क्यूट होते मी! डोळ्यात एक रेड स्पॉट आला होता, तो एडिट करून काढला. डीपी ठेवलाय."

मी चपलांसकट आत गेलो आणि कॅमेरा हातात घेतला. तिने एडिट केला होता मोबाईलमधला फोटो, कॅमेऱ्यातल्या फोटोला तिने हातही लावला नव्हता. तरी कॅमेऱ्यातल्या फोटोत डाग नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काल दोनदा तपासलं. डोळा निकोप आहे, तुम्हीच जरा झोप घ्या म्हणाले. मला याचा अर्थ लावता येत नाही. फोटोत डाग नाही, डोळ्यात डाग नाही. मग तो आहे कुठे?