न मागितलेली सही

कात्रीकाकांच्या दुकानात खुर्ची एकच, पण गल्लीतल्या निम्म्या माना तिच्यावर टेकून गेलेल्या. दुकान त्यांनी जुन्या मालकाकडून विकत घेतलं होतं. पैसे पोचते झाले, स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या झाल्या, राहिली फक्त कचेरीतली नोंदणी. ती राहिली ती राहिलीच.

खरं तर अडचण काहीच नव्हती. म्हातारा मालक दर रविवारी दाढीला यायचा. पण माणसाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून "कचेरीत कधी जायचं?" असं विचारायचं कसं? काकांना ती धमकीच वाटे. दाढी झाल्यावर विचारू म्हणावं, तर म्हातारा तोंड पुसून लगेच चालू लागे. पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेला करता करता म्हाताराच गेला.

"भीड भिकेची बहीण! लग्न झाल्यापासून सांगतेय," काकू कडाडल्या.

मग सल्ल्यांना ऊत आला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "ताबा तुमचा आहे ना? खुशाल झोपा." दुसरं म्हणालं, "नोंदणी नाही? मग दुकान वारसांचं. तो कागद काय चाटायचाय?" वकील म्हणाले, दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. वारसांनी सह्या दिल्या तर प्रश्न मिटला, नाही दिल्या तर कोर्ट. त्याआधी त्यांनी दुसऱ्या कुणाला रीतसर विकलं, तर मात्र गुंता.

"पण दुकान माझं की नाही?"

"तेच तर ठरायचंय," वकील म्हणाले.

काकांच्या डोक्याचा पार भुगा झाला. रोज सकाळी शटर वर करताना आपण आपलंच दुकान उघडतोय की दुसऱ्याचं, हेच त्यांना कळेना.

एका रविवारी म्हाताऱ्याचा मुलगा दाढीला आला. डावा गाल झाला आणि काकांनी वस्तरा चक्क खाली ठेवला. अर्धी दाढी टाकून माणूस पळत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"नोंदणी राहिलीय. तुमची सही लागेल," ते एका दमात बोलले.

मुलगा आरशातून हसला. "बाबा शेवटपर्यंत वाट बघत होते, काका. म्हणायचे, तो विषयच काढत नाही. आपण काढावा, तर वस्तरा त्याच्या हातात!"

काकांना हसावं की रडावं समजेना. दोघं शहाणे एकमेकांना भीत बसले होते. "मग... देता सही?"

"माझी आत्ता देतो. पण ताईचीही लागेल. तिला यातलं काहीच माहीत नाही. परवाच विचारत होती, बाबांच्या दुकानाचं भाडं किती येतं?"

काकांनी उचललेला वस्तरा परत खाली ठेवला.

"ताई इकडे कधी येतील?"

"इकडे कशाला येईल, काका? तिला काय दाढी करायचीय?"