पडद्याकडे पाठ

वाहिनीच्या पाचव्या मजल्यावरील चाचणी-खोलीत बारा खुर्च्या पडद्याकडे तोंड करून मांडलेल्या असत आणि तेरावी त्या बारांकडे. तेराव्या खुर्चीत बसणाऱ्या बाईंना सगळे ‘मोजणीबाई’ म्हणत. नवा कार्यक्रम प्रसारित होण्याआधी बारा अनोळखी माणसांना दाखवला जाई, आणि पाहताना ती माणसे काय करतात याची नोंद बाई करीत. कार्यक्रमात गुंतलेल्याला प्रेक्षक नीट दिसत नाहीत, म्हणून नोंद करणाऱ्याने पडद्याकडे पाठ करूनच बसायचे, हा त्यांच्या आधीच्या गृहस्थांनी घालून दिलेला दंडक बाईंनी बावीस वर्षे डोळ्यांत तेल घालून पाळला होता.

“वहिनी, टीव्हीत नोकरी आणि एक मालिका धड माहीत नाही तुला,” नणंद टोचायची.

“तुमच्या मालिका तुम्हीच बघा. मी तुमच्यासारख्यांना बघते,” बाई म्हणत, आणि भाजी चिरायला घेत.

नोंदीचा तक्ता साधा होता. मिनिटाला एक ओळ, खुर्चीला एक रकाना. ‘ह’ म्हणजे हसू, ‘ज’ जांभई, ‘च’ चुळबूळ, ‘ख’ खोकला, ‘घ’ म्हणजे घड्याळ पाहिले. तक्त्याच्या पाठीमागे नियम छापलेला होता: सलग तीन ओळी कोऱ्या राहिल्या, तर प्रेक्षक हातचा गेला असे समजावे. विनोदी कार्यक्रम आणि प्रश्नमंजूषा यांच्यासाठी तो नियम चोख होता. बाईंचे मत कधी कोणी विचारले नव्हते आणि त्यांनी ते कधी दिलेही नव्हते. त्यांच्या तक्त्याला वाहिनीत जो मान होता, तो नेमका यामुळेच.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता एका विज्ञानकथा-मालिकेचा पहिला भाग दाखवला जात होता. दिग्दर्शिका वीस-बावीस वर्षांची, आणि मालिकेविषयी इमारतीत आधीच कुजबूज होती: यान नाही, परग्रहवासी नाही, आहे काय तर कपाट. पहिल्या दहा मिनिटांत बाईंनी सात ‘ह’ लिहिले, चार ‘च’ लिहिले. चौदाव्या मिनिटाला मागे पडद्यावर बोलणे थांबले आणि फक्त ताटा-वाट्यांचे आवाज येऊ लागले.

बाईंनी पेन टेकवले आणि ते टेकलेलेच राहिले. पाच नंबरच्या खुर्चीतल्या बाईंचा पाण्याचा पेला ओठांपाशी जाऊन थांबला होता. तीन नंबरचे गृहस्थ पुढे वाकून बसले होते. त्यांचा हात गुडघ्यावर उपडा पडला होता, दुसऱ्याचा असावा तसा. कोणी खोकले नाही, कोणी हलले नाही. चार मिनिटे गेली. बारांपैकी एकाचीही नोंद करता येईल असे त्या तक्त्यात एक अक्षर नव्हते.

नंतर भरून आलेले अभिप्राय तर कपाळाला हात लावावा असे होते. ‘आवाज गेला होता का?’ ‘विज्ञानकथा म्हणून बोलावलंत, एक यान नाही.’ ‘कपाट छान आहे, कुठे मिळेल?’ नऊ जणांनी सरळ ‘कळलं नाही’ लिहिले होते.

खोलीबाहेर दिग्दर्शिका भिंतीला टेकून उभी होती. तक्ता दाखवायचा नसतो, पण तिची नजर पोहोचली.

“चार कोऱ्या,” ती म्हणाली. “मग संपलंच.”

“चौदाव्या मिनिटाला काय होतं तिथे?” बाईंनी विचारले. बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी प्रथमच विचारला होता.

“तुम्ही बघितलं नाही?” मुलगी थक्क झाली. मग तिने सांगितले. एका घरातले कपाट रोज पाच मिनिटे पुढच्या वर्षात जाते. घरचे महाआळशी. ते त्यात मळके कपडे कोंबतात, म्हणजे पुढच्या वर्षी ज्याचे त्यानेच ते धुऊन परत पाठवायचे. सगळे मजेत चालते. एके दिवशी सगळ्यांचे कपडे घड्या होऊन येतात, आजोबांचा सदरा मात्र जसा गेला तसाच मळका परत येतो. “त्यानंतर सगळे जेवायला बसतात. आजोबा पण. कोणी काही बोलत नाही. बस, एवढंच.”

बाई काही बोलणार, तोच जिन्यापाशी तीन नंबरच्या गृहस्थांचा फोनवरचा आवाज आला. “काही नाही हो बाबा, सहजच केला. आज कुठला शर्ट घातलाय?... अहो सांगा ना, घातलाय कुठला ते.”

बाईंना जुन्या तक्त्यांच्या फायली आठवल्या. कोऱ्या ओळी त्यांनी आजच लिहिल्या नव्हत्या. किती कार्यक्रम त्यांच्या तक्त्यावर बंद झाले, आणि त्यांतल्या किती ओळी अशा कोऱ्या होत्या? चार वाजता कार्यक्रमप्रमुखांच्या खोलीत बैठक होती. तक्ता गुपचूप ठेवला तर मालिका जाणार. तोंड उघडले तर बावीस वर्षांच्या प्रत्येक तक्त्यावर बोट ठेवले जाणार, आणि ते बोट त्यांनी स्वतःच ठेवलेले असणार.

कार्यक्रमप्रमुखांनी तक्ता उचलला. “चार सलग. नियम स्पष्ट आहे. पुढचा विषय.”

“साहेब,” बाई म्हणाल्या. “त्या ओळी कोऱ्या नाहीत.”

“मग काय आहेत? मला तर कागद दिसतोय.”

“ती माणसं बघत होती. श्वास रोखून. त्याला आपल्याकडे अक्षर नाही.”

“बाई, तुम्ही मत देताय?”

“मत नाही देत. जे दिसलं ते सांगते.”

साहेबांनी चष्मा काढला. “मग आधीच्या कोऱ्या ओळींचं काय? मी तुमच्या तक्त्यावर मालिका बंद केल्यात, बाई. एक-दोन नाही.”

“त्यांतल्या काही चुकल्या असतील,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, “पाचला प्रश्नमंजूषेसाठी माणसं येतायत ना? त्यांना हे दाखवा. मी तुमच्या शेजारी बसतो.”

पाच वाजता चौदावी खुर्ची आली. साहेब अवघडून बसले. नवे बारा जण अधिक दंगेखोर निघाले. एक मावशी शेजारणीला मोठ्याने सांगत होत्या, “हे कपाट आमच्याकडे असतं ना, तर ह्यांनी त्यात मलाच घातलं असतं.” हशा पिकला, बाईंनी सहा ‘ह’ लिहिले. तेरावे मिनिट आले. चौदाव्या मिनिटाला सात नंबरवाले खोकले. बाईंनी ‘ख’ लिहिला; लिहिणे भागच होते. साहेबांनी तिरप्या नजरेने ते अक्षर पाहिले.

मग मावशींचे तोंड मिटले. त्यांचा हात हळूच शेजारच्या खुर्चीकडे गेला आणि त्या अनोळखी बाईच्या मनगटावर थांबला. ती बाईही हलली नाही. पंधरावे मिनिट, सोळावे.

साहेब कुजबुजले, “काय चाललंय मागे?”

“मी बघत नाही, साहेब.”

साहेबांनीही मान वळवली नाही. ते समोरच्या बारा चेहऱ्यांकडे पाहत राहिले, आणि दिवे लागल्यावरही लगेच उठले नाहीत.

“तीन भाग दाखवू,” ते शेवटी म्हणाले. “त्यापुढचं त्यापुढे. आणि बाई, उद्यापासून तक्ता बंद. आधी जुन्या फायली काढा. कोरी ओळ असलेला एकेक कार्यक्रम मला लिहून हवाय. तुमच्या सहीनं.”

“हो,” बाई म्हणाल्या.

फायली दप्तरखान्यात माळ्यावर होत्या. बाई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पोहोचल्या तेव्हा दिग्दर्शिका धावत आत आली. “बाई, मला कळलं. तुमचे आभार कसे—”

“आभार राहू देत,” बाई पहिल्या वर्षाचा धुळीने माखलेला गठ्ठा खाली सरकवत म्हणाल्या. “आधी शिडी धर. वर अजून एकवीस आहेत.”