आबांची मध्यम बोअर

आफ्रिकेच्या गवताळ रानात शिकारीला जाताना कोणती रायफल न्यावी, या विषयावर अधिकारवाणीने बोलणारा माणूस अख्ख्या मावळ तालुक्यात एकच आहे आणि तो माझ्या ताईचा सासरा आहे. या विषयाची मावळात कोणाला गरज पडते का, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं आबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गरज पडल्यावर शिकायला बसतोस का तू? मग पोहायला काय बुडाल्यावर शिकलास?" मला पोहता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. आबाही कधी आफ्रिकेला गेले नव्हते. आफ्रिका सोडा, ते कधी विमानातही बसले नव्हते. पण हरणांच्या कळपात झेब्रे मिसळले असतील तर वारा कुठून घ्यायचा, हे ते वलवणच्या आपल्या ओट्यावर बसून सुपारी कातरता कातरता सांगत.

त्यांच्याकडे रायफल होती आणि तिचा रीतसर परवानाही होता. त्यांचे वडील खंडाळ्याच्या एका बंगल्याचे कारभारी होते. बंगल्याच्या मालकांचा उमेदीचा काळ आफ्रिकेत व्यापारात आणि शिकारीत गेलेला. म्हातारपणी त्यांनी बंगला विकला आणि जाताना आपली थ्री सेव्हन्टी फाइव्ह रायफल, शिकारीच्या वह्यांनी भरलेली एक ट्रंक आणि बरेच सल्ले कारभाऱ्याच्या मुलाला दिले. थ्री सेव्हन्टी फाइव्ह म्हणजे मध्यम बोअर, नळीचं भोक मधल्या मापाचं. फार बारीक नाही, फार जाड नाही. आबांचं सगळं तत्त्वज्ञान या एका नळीतून निघालं. "लहान बोअर जनावराला नुसती दुखावते, मोठी बोअर मारणाऱ्याचा खांदा मोडते. शहाण्याने मधे राहावं," हे वाक्य त्यांच्या घरात देवाच्या आरतीपेक्षा जास्त वेळा म्हटलं गेलं असेल. छत्री घ्यायची तर मध्यम बोअरची, चिक्कीत गूळ मध्यम बोअरचा, भाषण मध्यम बोअरचं. ताईला बघायला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर माझ्या वडिलांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मुलगी अगदी मध्यम बोअरची आहे हो!" वडिलांचा चेहरा पडला. हा होकार आहे की नकार, हे कळेना. शेवटी आईने मध्यस्थांना विचारून घेतलं, तेव्हा कळलं की याहून मोठं कौतुक आबांच्या तोंडून अजून कोणाच्या वाट्याला आलेलं नाही.

लोणावळ्याच्या शाळेत आबांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. त्यात सॅव्हानाचा गवताळ प्रदेश पंधरा दिवस चालायचा आणि उरलेलं जग दिवाळीपर्यंत कसंबसं उरकायचं. गावातले डॉक्टर, वकील, हॉटेलवाले, पोलीस, निम्मे त्यांच्याच हाताखालून गेलेले. त्यांतला कोणीही आजसुद्धा झोपेतून उठवला तरी सांगेल की कुडू नावाच्या हरणाची शिंगं मळसूत्रासारखी पिळाची असतात, त्याचा कान माणसाच्या संशयापेक्षा तिखट असतो आणि गोळी मारायची ती पुढच्या पायाच्या रेषेत, खालून एक तृतीयांश उंचीवर. इंद्रायणीचा उगम मात्र, शाळेपासून पायी जाण्याच्या अंतरावर असूनही, त्यांच्यापैकी कोणालाही कधी परीक्षेत लिहिता आला नाही.

आफ्रिकेत शिकारी रायफल तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर टेकवून नेम धरतात, असं ट्रंकेतल्या वह्यांत लिहिलेलं. आबांनी कळकाच्या तीन काठ्या सुतळीने बांधून तसं तिकाटणं केलं. रायफल घेऊन हिंडायला ते काही वेडे नव्हते, म्हणून ते नुसतं तिकाटणं खांद्यावर टाकून सकाळी कुसगावच्या बाजूला फिरायला जात. मधेच एखादी म्हैस दिसली की तिकाटणं रोवत, एक डोळा मिटत, श्वास रोखत आणि "एकशे चाळीस पावलं" असं पुटपुटून वहीत काहीतरी टिपून घेत. आता आमच्या मावळात तिपाईवरून एक डोळा मिटून शेताकडे बघणारा आणि वहीत लिहिणारा माणूस कोण असतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिसऱ्या दिवशी आबांनी नेम काढून मान वर केली, तर बांधावर आठ-दहा माणसं सातबाऱ्याचे उतारे घेऊन उभी होती. सगळ्यात पुढे किसनभाऊ नावाचे शेतकरी होते.

"सायेब, आमची हद्द त्या जांभळापत्तुर हाय," किसनभाऊ म्हणाले. "रस्ता न्यायचा तर वरच्या अंगानं न्या. हितनं आमी देनार न्हाई."

"मी मोजणीवाला नाही हो," आबा म्हणाले. "मी तुमच्या म्हशीवर नेम धरत होतो."

यामुळे प्रकरण निवळलं असं म्हणता येणार नाही. शेवटी गर्दीतल्या एका जुन्या विद्यार्थ्याने सरांना ओळखलं म्हणून बरं, नाहीतर ते तिकाटणं आबांच्याच पाठीवर मोडलं असतं. पण त्या दिवसापासून किसनभाऊंशी त्यांची दोस्ती जमली ती कायमची. पुढे एकदा किसनभाऊंच्या भातात रानडुकरं शिरायला लागली, तेव्हा ते मोठ्या आशेने वलवणला आले. "आबा, येवढी बंदूक कपाटात ठिवून बसलाय, आन तितं डुकरं आमचं भात लोळवत्यात. एक बार काढा की!" आबांनी आधी वनखात्याचा कायदा सांगितला आणि मग कुडूची आकृती काढून गोळी कुठे बसली पाहिजे ते अर्धा तास समजावलं. किसनभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि उठता उठता म्हणाले, "लय ग्वाड सांगितलंत. आता ह्यो कुडू भात खायाला आला म्हंजी तुमाला बोलावतो."

निवडणुका लागल्या की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. बाकीचे लोक हत्यार देतात, पावती घेतात आणि चालू लागतात. आबा मात्र रायफलीबरोबर तेलाची बाटली, मऊ फडकं आणि ओल कशी लागू देऊ नये याच्या लेखी सूचना देत आणि दर दोन दिवसांनी तिला भेटायला जात. ठाण्यातल्या हवालदारबाई एकदा म्हणाल्या, "आबा, कोठडीतल्या माणसाला पण इतकं कोणी भेटायला येत नाही हो!" यावर आम्ही घरी किती हसलो असू! खरं सांगतो, आबांवर हसणं हा आमच्या दोन्ही घरांचा जोडधंदाच होता.

गेल्या वर्षी आबांना पंच्याहत्तर पूर्ण झाली, आणि दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, कोणाला न सांगता एक गोष्ट केली. नामिबियातल्या एका शेतमळ्यावर कायदेशीर शिकार करता येते, तिथे पत्रव्यवहार करून त्यांनी आबांसाठी एक कुडू ठरवून टाकला. रायफल आपली स्वतःची नेता येत होती. फक्त परवान्याचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला हवा होता. दाखला मिळाला की परवाना, परवाना मिळाला की आफ्रिका. हे सगळं ऐकल्यावर आबा दिवसभर ट्रंकेतल्या वह्या काढून बसले. संध्याकाळी नुसतं, "जूनमध्ये गवत वाळलेलं असतं तिकडे. लांबचं दिसतं," एवढं म्हणाले आणि आत गेले.

दाखल्यासाठी त्यांना दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टर अर्थातच त्यांचे विद्यार्थी. रांगेतल्यांना थांबवून त्यांनी सरांना आत घेतलं, पाया पडले, रक्तदाब बघितला, डोळे बघितले आणि "सर, कुडूचं शिंग आणायला विसरू नका" असं म्हणत फॉर्म भरायला घेतला. सही करायला पेन टेकवलं, तेवढ्यात आबा म्हणाले, "हात नाही बघितलेस."

"हातात काय बघायचंय, सर?"

"बघ तरी."

आबांनी दोन्ही हात टेबलावर पुढे धरले. उजवा हात थरथरत होता. पालथा धरला तरी, उताणा केला तरी. तेव्हा मला एकदम उमगलं. वर्षभर ते ताईला चहाचा कप अर्धाच भरायला सांगत होते आणि आम्ही आपले "चहाही मध्यम बोअरचा" म्हणून हसत होतो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "या वयात एवढं असतंच, सर. गोळ्या देतो. आणि तिकाटण्यावर टेकवूनच मारायचं ना? तुम्हीच शिकवलंय आम्हाला. मी सही करतो."

मीही म्हणालो, "करू द्या सही, आबा. कोण विचारतंय?"

"कुडू विचारेल," आबा म्हणाले. मग त्यांनी अगदी सावकाश, धडा शिकवावा तसं सांगितलं. "दीडशे पावलांवर हात एवढा हलला की तिकडे गोळी वीतभर सरकते. वीतभर म्हणजे काळजाऐवजी पोट. खंडाळ्याच्या मालकांच्या हातून एकदा असं झालं होतं. ते तीन दिवस त्या जनावराचा माग काढत हिंडले. सापडलं नाही. म्हातारपणी सगळं विसरले ते, मुलांची नावंसुद्धा विसरले. पण तो कुडू कुठल्या झाडाआड गेला, ते शेवटपर्यंत सांगायचे. लिही, हात कापतो म्हणून."

डॉक्टरांनी पहिला फॉर्म फाडला आणि दुसरा लिहिला. आबांनी तो चष्मा लावून नीट वाचला, "अक्षर अजून तसंच आहे तुझं," म्हणाले आणि घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी रायफल ठाण्यात कायमची जमा झाली.

दवाखान्यातून परतताना मला राहवेना. म्हटलं, "आबा, मग नुसतं बघायला जाऊ या की. दाजींना मी सांगतो." ते म्हणाले, "जाऊ या. बघायला काय, केव्हाही जाऊ." हे ते माझ्या समाधानासाठी म्हणत होते, हे मला कळत होतं. मी समोर रस्त्याकडेच बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर मला रडू आवरलं नसतं. वीस वर्षं मी या माणसाची चेष्टा केली होती, आणि त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. पण ते मला त्यांना सांगता आलं नाही. तिकडे आफ्रिकेत वाळलेल्या गवतात एक कुडू चरत असेल. वलवणला एका माणसाने त्याच्यासाठी पन्नास वर्षं तयारी केली आणि त्याला दुखवायचं नाही म्हणून तो घरीच राहिला, हे त्या बिचाऱ्याला कधी कळायचंसुद्धा नाही.